वाचकांचे प्रश्न : करार कंपनीनेच मोडला तर?

प्रश्न : मी एका खासगी कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतो. नेमणूकपत्रात पगाराचा आकडा स्पष्ट आहे. दोन महिन्यांपूर्वी एचआरचा मेल आला, ‘पुढील महिन्यापासून पगारात २० टक्के कपात.’ मी कुठेही सही केलेली नाही, पण काम चालू आहे. आता काही करता येईल?

उत्तर : येईल, मात्र लेखी हरकत आजच नोंदवा. करारातली अट कंपनीला एकतर्फी बदलता येत नाही. धोका वेगळाच आहे. कमी पगार महिनोन्महिने निमूटपणे घेत राहिलात, तर ‘वागणुकीतून संमती दिलीच होती’ असं कंपनी पुढे म्हणते आणि तो युक्तिवाद टिकूही शकतो. रागाच्या भरात कामावर जाणं बंद करू नका, नाहीतर ‘स्वतःहून नोकरी सोडली’ असा शेरा मारायला आयतं निमित्त मिळतं. मेलमध्ये एवढंच लिहा :

‘दि. … च्या मेलमधील पगारकपात मला मान्य नाही. मी काम सुरू ठेवत आहे; कमी पगार स्वीकारला म्हणजे बदलाला संमती दिली असे समजू नये. नेमणूकपत्राप्रमाणे फरकाची रक्कम द्यावी.’

हा मेल एचआर आणि वरिष्ठ दोघांनाही जाऊ द्या. त्याची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर घ्या आणि हाच मजकूर स्पीड पोस्टानेही पाठवा. नेमणूकपत्र, पगारपावत्या आणि बँकेचा उतारा आत्ताच घरी आणून ठेवा, कारण वाद पेटला की ऑफिसचा मेल पहिल्यांदा बंद होतो. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र उचलू नका. त्यातून तुमच्यावरच कारवाई ओढवेल.

दाद कुठे मागायची, हे तुमच्या कामाच्या स्वरूपावर ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतली वेतन संहिता व्यवस्थापकांसह सगळ्या कर्मचाऱ्यांना लागू आहे. थकलेल्या पगाराचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो आणि पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. दावा मंजूर झाला तर मूळ रकमेशिवाय तिच्या १० पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा, ते कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

औद्योगिक संबंध संहिता फक्त ‘कामगारा’साठी, म्हणजे ढोबळमानाने व्यवस्थापकीय अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यासाठी आहे. तुम्ही त्या व्याख्येत बसत असाल, तर वेतनात बदल करण्याआधी २१ दिवसांची नोटीस देणं मालकाला बंधनकारक आहे. पत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंय म्हणून हा हक्क सोडू नका. कोर्ट हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. रजा मंजूर करणं, माणसं नेमणं असे अधिकार हातात नसतील आणि दिवसभर मापं घेऊन नोंदी करत असाल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

प्रश्न : मी टीम मॅनेजर होते. करारात ६० दिवसांची नोटीस होती, तरी मला एका दिवसात काढलं. ‘राजीनामा द्या, मगच हिशेब आणि अनुभवपत्र मिळेल’ असं सांगतात. नोकरी परत मिळेल का?

उत्तर : राजीनामा देऊ नका. तुम्ही सही केलीत की ‘काढलं’ हे सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं. ‘दि. … रोजी मला तोंडी कामावरून कमी करण्यात आले. मी राजीनामा दिलेला नाही’ असा मेल लगेच पाठवा.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. खासगी कंपनीतल्या व्यवस्थापकाला पुन्हा कामावर घ्या, असा हुकूम दिवाणी कोर्ट सहसा देत नाही. मिळते ती नुकसानभरपाई, आणि तीही बहुतेक वेळा नोटीस काळाच्या पगाराइतकी. म्हणून वकिलाची फी आणि हातात येऊ शकणारी रक्कम यांचा हिशेब आधी मांडा. पुष्कळदा वकिलाच्या एका नोटिशीवर तडजोड होते. ‘कामगार’ असता तर पुन्हा कामावर घेण्याची मागणी करता आली असती. नवी नोकरी शोधायला घाबरू नका. उलट नुकसान कमी करण्याचा प्रयत्न केला नाही, तर भरपाई घटते. अर्ज केल्याचे मेल जपून ठेवा.

काम केलेल्या दिवसांचा पगार ही वेगळी गोष्ट. कामावरून काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर तो २ कामकाजाच्या दिवसांत देणं वेतन संहितेनुसार सक्तीचं आहे, त्याला राजीनाम्याची अट घालता येत नाही. ‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर ‘आता कोणताही दावा उरला नाही’ असं वाक्य असतं. रक्कम कमी असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘नोटीस पगाराचा हक्क राखून’ असं लिहा आणि कागदाचा फोटो काढा. तसं लिहू देत नसतील, तर सही न करता मेलवर रक्कम मागा.

प्रश्न : दोन वर्षांचा बॉंड आहे, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याचा करार. ठरलेलं प्रशिक्षण दिलंच नाही, तरी नोकरी सोडताना कंपनीवाले दोन लाख मागतात. मूळ गुणपत्रिकाही त्यांच्याकडेच आहेत.

उत्तर : बॉंड म्हटला की बेकायदा, हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. पण करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. वाजवी भरपाई त्याहून कमीही असू शकते. ज्या प्रशिक्षणाच्या खर्चासाठी बॉंड घेतला तेच दिलं नसेल, तर हाच तुमचा मुख्य बचाव. कोणतं प्रशिक्षण, कधी ठरलं होतं, हे राजीनाम्यातच तारखेसह लिहा. गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा हक्क मात्र कंपनीला नाही. ७ दिवसांची मुदत देऊन त्या लेखी मागा. नाही दिल्या तर ते पत्र आणि पोचपावती जोडून पोलिसांत तक्रार द्या.