वाचकांचे प्रश्न : पेटंट आणि प्रयोगशाळा

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानात संशोधन करते. पेटंटचा अर्ज होईपर्यंत शोधनिबंध प्रसिद्ध करू नये, असे मला सांगण्यात आले आहे. शिवाय मी प्रयोगात वापरते त्या पद्धतीवर एका कंपनीचे पेटंट असल्याचे आता कळले. हा कायदा विज्ञानाला पोषक आहे की मारक?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : पेटंट ही ज्ञानावरची मालकी नव्हे. शोध लावणाऱ्याने तो जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने उघड करायचा आणि त्या बदल्यात, सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, इतरांना त्याचा वापर करण्यापासून रोखण्याचा हक्क मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून त्या कंपनीचे पेटंट तुम्ही अवश्य वाचा. वाचायला कुणाचीच परवानगी लागत नाही.

वापराचे मात्र देशोदेशी वेगळे आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ४७ केवळ प्रयोग, संशोधन आणि अध्यापन यांसाठी अशा वापराला मुभा देते. अमेरिकेत ही सवलत फार तोकडी आहे. मॅडी विरुद्ध ड्यूक विद्यापीठ या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने २००२ मध्ये असे ठरवले की, संशोधन हेच विद्यापीठाचे काम असल्यामुळे, नफ्याचा हेतू नाही एवढ्याच कारणाने त्याला सूट मिळत नाही. हा निवाडा मला अतिशय कठोर वाटतो. दुसऱ्याचा शोध तपासून पाहणे आणि तो निव्वळ साधन म्हणून वापरणे यांत भेद करता येईल. पण तपासण्यालाच मज्जाव झाला, तर पेटंटधारकाचे दावे खरे आहेत की नाहीत हे ठरवणार कोण?

मारकपणा खरा दिसतो तो पेटंटमधले दावे, म्हणजे मागितलेल्या हक्काची व्याप्ती, अवाजवी रुंद असतात तेव्हा. स्तनांच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका दर्शवणाऱ्या बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांवर मिरियाड जेनेटिक्स या कंपनीकडे पेटंट होती. तिच्या नोटिसांमुळे अमेरिकेतील अन्य प्रयोगशाळांना या जनुकांची चाचणी बंद करावी लागली, आणि शस्त्रक्रियेसारखा मोठा निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेण्याची वाट स्त्रियांसाठी बंद झाली. १३ जून २०१३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, निसर्गात असलेला डीएनए नुसता वेगळा काढला म्हणून तो शोध ठरत नाही. सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून प्रयोगशाळेत तयार केलेला डीएनए, मात्र पेटंटला पात्र राहिला. त्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी ही चाचणी सुरू करत असल्याचे जाहीर केले. कायद्याची देखरेख कशासाठी हवी, हे मला या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता तुमच्या शोधनिबंधाविषयी. आधी प्रसिद्धी झाली की शोधाचे नावीन्य संपते. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवड असते, युरोपात मात्र बहुधा नसते, आणि परिषदेतले पोस्टरदेखील प्रसिद्धीच मानली जाते. त्यामुळे मिळालेला सल्ला चुकीचा नाही. पण त्यासाठी निबंध महिनोन्‌महिने अडवून ठेवण्याचे कारण नाही. शोधाच्या तात्पुरत्या विवरणासह (वर्णनासह) अर्ज लवकर दाखल करता येतो आणि पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. मात्र निबंधात जे जे येणार आहे, ते त्या तात्पुरत्या विवरणात नीट उतरले आहे ना, हे स्वतः ओळ न् ओळ ताडून पाहा. तसे असेल, तर अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निबंध पाठवायला हरकत नाही.