व्यापाऱ्याने एनईएफटी केलंय, त्याचे पैसे कट झाले पण माझ्या खात्यात आले नाहीत, मग मधे कुठं असतात?

सांगली मार्केट यार्डात हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आता बँकेतूनच येते त्यामुळं हे नीट कळायलाच पाहिजे. व्यापाऱ्याची बँक तुमच्या बँकेला थेट पैसे पाठवत नाही, ती रिझर्व्ह बँकेकडं मेसेज पाठवते, तिथं दर अर्ध्या तासाला बॅच लागते, दिवसाला ४८, आणि त्या बॅचमधली सगळ्या बँकांची देणीघेणी एकमेकांत वजा करून उरलेला फरकच रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांत इकडचा तिकडं होतो. डिसेंबर २०१९ पासून हे रात्री, रविवारीसुद्धा चालू असतं, त्यामुळं "आज सुट्टी आहे" हे कारण ऐकून घेऊ नका. आरटीजीएस ही मोठी रक्कम पाठवायची पद्धत वेगळी, तिथं २ लाखांपासून पुढं आणि प्रत्येक व्यवहार एकेकटा तिथल्या तिथं सेटल होतो.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत जोडलेल्या असतात, म्हणजे मधे अजून एक टप्पा. तरी बॅच सेटल झाल्यावर २ तासांत पैसे जमा नाहीतर परत, हा नियमच आहे, उशीर झाला तर रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) अधिक २ टक्के व्याज बँकेनं द्यायचं. व्यापाऱ्याकडून यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घ्या आणि तो घेऊनच शाखेत जा.