पैसा कोणत्या महिन्यात सुटतो?

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीतला पहिला महिना संपताना तू लिहिलेले पत्र सावकाश वाचले. दुपारी बाजार बंद होतो, दुकानदार गिऱ्हाइकाच्या मागे लागत नाही आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचा प्रकल्प हापूस ऑनलाइन विकण्याचा आहे, या तुझ्या तिन्ही नोंदी मला मान्य आहेत. मात्र त्यांवरून ‘येथे धंद्याची वृत्तीच नाही’ असा जो निष्कर्ष तू काढलास, तो घाईचा वाटतो. लातूरच्या बाजार समितीतली सोयाबीनची आवक पाहत वाढलेल्या मुलीला उलाढाल डोळ्यांसमोर दिसण्याची सवय असणे स्वाभाविक आहे. किनाऱ्यावरची उलाढाल थोड्या आठवड्यांत दाटलेली असते आणि उरलेले वर्ष ती उचल, उधारी व कर्ज यांच्या रूपाने वह्यांमध्ये पडून असते. म्हणून पैसा कोणत्या महिन्यात अडकतो, कोणत्या महिन्यात सुटतो आणि मधल्या काळात तो कोणाचा असतो, एवढे आधी शोध.

आंब्याचेच पाहा. कलमांची मशागत आणि खते पावसाळ्यात, मोहोर राखण्यासाठी फवारण्या हिवाळ्यात, राखणदाराचा पगार त्याच्या पुढे, आणि पेटीचे पैसे मात्र मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत. हा मधला खर्च अनेक बागायतदार वाशीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भागवतात, आणि ज्याची उचल घेतली त्याच्याकडे माल पाठवावा लागतो. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले हे तुम्हाला वर्गात शिकवतातच. परंतु त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेल्या बागायतदाराच्या डोक्यावरही उचल असेल, तर भाव ठरवताना त्याचा आवाज लहानच राहतो. तुझ्या वर्गमित्रांच्या प्रकल्पांत संकेतस्थळाचे रंगसुद्धा ठरलेले असतील. त्या बागायतदाराची उचल कोण फेडणार, याचा रकाना त्यांत आहे का, ते जरूर विचार.

काजूचे गणित तर तू स्वतः मांडून पाहावेस असे आहे. बी साधारण मार्च ते मे या काळात बाजारात येते. कारखाना वर्षभर चालवायचा असेल तर वर्षाची बी त्या तीन महिन्यांतच विकत घेऊन, वाळवून, गोदामात भरावी लागते. चार किलो बीपासून ढोबळमानाने एक किलो गर मिळतो. समजा, 120 रुपये किलोने एक टन बी घेतली, तर 1 लाख 20 हजार रुपये गेले आणि हाती येणार अडीचशे किलो गर. ती बी सहा महिने गोदामात राहिली आणि बँकेचे व्याज वर्षाला 12 टक्के असले, तर 7,200 रुपये, म्हणजे गराच्या किलोमागे सुमारे 29 रुपये, बी फोडण्याआधीच खर्ची पडले. त्यानंतर वाफवणे, फोडणे, वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी ही कामे येतात. प्रतवारीतली डब्ल्यू 240 ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण 240 गर, डब्ल्यू 320 म्हणजे 320. फोडताना गराचे तुकडे झाले की भाव उतरतो, म्हणून कुशल हातांना येथे मोल आहे. तरीही यंत्र घेताना ज्यांनी खेळत्या भांडवलाचा, म्हणजे बी आणि मजुरी यांत गुंतून राहणाऱ्या पैशाचा, विचार केला नाही, त्यांचे कारखाने पावसाळा संपता संपता बीअभावी थांबलेले मी पाहिले आहेत. यंत्राला कर्ज देणारे भेटतात. बीला देणारे शोधावे लागतात.

मिरकरवाडा बंदरावर तू अजून गेली नसशील तर पहाटे जा. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्यामुळे तू आलीस तेव्हा होड्या नुकत्या समुद्रात उतरत होत्या. डागडुजी, जाळी, डिझेल, बर्फ आणि खलाशांची आगाऊ रक्कम हा सारा खर्च पहिली मासळी विकण्याआधीचा असतो.

सरकारी योजनांविषयी तू विचारले आहेस. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी 50 लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि महिलांना स्वतःचा वाटा 5 टक्केच घालावा लागतो, हे खरे. मात्र अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. ती हाती खेळवता येत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाशील तेव्हा अनुदान किती, हा प्रश्न मागे ठेवून खेळत्या भांडवलाची मर्यादा कशी ठरवतात, ते नीट समजून घे.

माणसांशी बोलताना एक पथ्य पाळ. येथला माणूस नफा विचारला की विषय बदलतो, आणि अनोळखी विद्यार्थिनीला त्याने तो का सांगावा? मजुरी कोणत्या महिन्यात सर्वाधिक द्यावी लागते, बर्फाचे बिल किती दिवसांनी चुकते करता, गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा दुकानातला माल किती वाढवता, असे विचारशील तर तो बसायला सांगेल आणि बहुधा कोकम सरबतही देईल. बारा महिन्यांचे बारा रकाने आखलेला कागद जवळ ठेव. आंबा, काजू, मासळी आणि सणांचे दुकान यांपैकी प्रत्येकी एका व्यावसायिकाची आवक-जावक त्यात भर. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला जाण्यापूर्वी तो मला पाठव. रिकामे राहिलेले रकाने तसेच राहू देत, ते कोणाला विचारून भरायचे, हे आपण पुढच्या पत्रात ठरवू.

तुझा हितचिंतक