यूव्हीखालच्या प्लेट, खिडकीतला उजेड आणि रेक-ए

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ई. कोलाय या जीवाणूचं तेच कल्चर, तेच डायल्यूशन (पातळ करण्याचं प्रमाण), यूव्ही ट्यूबखाली तेच वीस सेकंद. तरी सोमवारी प्लेटवर दीडशेच्या वर कॉलन्या आणि गुरुवारी जेमतेम चार. मॅडम म्हणाल्या, पिपेटिंग चुकलं. शिवाय डीएच-5-अल्फा हा ई. कोलायचाच, पण रेक-ए हे डीएनए-दुरुस्तीचं प्रथिन नसलेला स्ट्रेन (वाण) पाच सेकंदांतच साफ का होतो, हेही तू विचारलंस.

मी नाशिकलाच, सातपूरच्या एका प्रयोगशाळेत, वीस वर्षं प्लेट मोजल्या आहेत. पिपेटनं दुप्पट-तिप्पट फरक पडेल, चाळीसपट नाही. तू जाता जाता एक वाक्य लिहिलंयस, ते मी पुन्हा वाचलं: सोमवारी इन्क्युबेटर भरलेला होता म्हणून प्लेट तासभर खिडकीपाशी ठेवल्या. उत्तर तिथेच आहे.

आपल्या ट्यूबचा यूव्ही 254 नॅनोमीटरचा. तो डीएनएतल्या शेजारशेजारची थायमिन ही दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतो, जणू गाठ बसते. डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज त्या गाठीपाशी अडतं. ई. कोलायकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम आहे, त्याचं जनुक पीएचआर. ते गाठीवर जाऊन बसतं, निळ्या उजेडातली ऊर्जा घेतं आणि काहीही न कापता गाठ सोडवतं. अंधारात ते गाठीवर नुसतं बसून राहतं. तुझ्या सोमवारच्या प्लेटना हा उजेड मिळाला, गुरुवारच्या सरळ इन्क्युबेटरच्या अंधारात गेल्या. 1949 साली आल्बर्ट केल्नर यांना हेच कोडं पडलं होतं. यूव्ही दिलेले स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूचे बीजाणू कोणत्या तापमानाला सावरतात हे ते बघत होते आणि आकडे काही केल्या जुळेनात. शेवटी लक्षात आलं की फरक तापमानाचा नव्हता, उजेडाचा होता. तेव्हा तुझे आकडे फेकून देऊ नकोस, ते चुकलेले नाहीत.

आता रेक-ए. अंधारातही जीवाणू हातावर हात ठेवून बसत नाही. यूव्हीआर-ए, बी आणि सी या जनुकांची प्रथिनं गाठीच्या दोन्ही बाजूंना काप देतात, बारा-तेरा अक्षरांचा तुकडा निघतो आणि समोरच्या धाग्यावरून रिकामी जागा भरली जाते. हे सोपं आहे, पुस्तकात नीट दिलेलं असतं. अडचण येते ती दुरुस्ती व्हायच्या आधीच नक्कल सुरू झाली तर. मग गाठीसमोर खिंडार राहतं, आणि समोरच्या धाग्यावर गाठच असल्यामुळे तिथून काही उतरवून घेता येत नाही. अशा वेळी रेक-ए प्रथिनाची माळ उघड्या धाग्यावर चढते, शेजारच्या भावंड-प्रतीत तोच मजकूर शोधते आणि तिथला धागा आणून खिंडार बुजवायची सोय करते. हेच रिकॉम्बिनेशन. क्लार्क आणि मार्ग्युलीज यांनी 1965 साली रिकॉम्बिनेशन न जमणारे म्युटंट शोधले, तर ते यूव्हीलाही फार हळवे निघाले. मला हा निष्कर्ष आजही फार सुंदर वाटतो. क्लोनिंगसाठी डीएच-5-अल्फा वापरतात तेही याचमुळे: रेक-ए नसल्यानं आत घातलेल्या डीएनएची तोडजोड होत नाही.

रेक-एचं दुसरं काम धोक्याची घंटा वाजवायचं. एरवी लेक्स-ए हे प्रथिन चाळीसेक जनुकं दाबून ठेवतं. रेक-एची माळ तयार झाली की लेक्स-ए स्वतःलाच तोडून घेतं आणि ती जनुकं मोकळी होतात. त्यांत यूव्हीआर-ए आणि बी आहेत, पेशीचं विभाजन थांबवणारं सुल-ए आहे, आणि गाठीवरून चुकतमाकत पुढे जाणारं पॉलिमरेज बनवणारी उमु-सी, उमु-डी आहेत. यूव्हीनंतर म्युटेशन वाढतात त्या मुख्यतः या शेवटच्या दोघांमुळे. म्हणजे एक रेक-ए गेलं की खिंडारं बुजवणारा जातो आणि घंटाही जाते.

यूव्हीआर-ए आणि रेक-ए यांत गल्लत करू नकोस. दोन्ही नसलेला जीवाणू अख्ख्या 46 लाख अक्षरांच्या डीएनएत एक-दोन गाठी पडल्या तरी मरतो. एकच नसेल तर याहून कितीतरी जास्त गाठी सोसतो. वाटा वेगळ्या आहेत याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

प्रयोग पुन्हा कर, पण तीन प्लेटवर: एक इन्क्युबेटरमध्ये, एक खिडकीत उघडी, आणि एक खिडकीतच पण काळ्या कागदात गुंडाळलेली. ही तिसरी विसरू नकोस. नाशिकच्या एप्रिलमध्ये खिडकीत ऊनही तापतं, ती नसेल तर परीक्षक म्हणतील फरक उष्णतेचा आहे. यूव्ही देताना प्लेटचं झाकण काढ, नाहीतर 254 खाली पोचतच नाही. नंतरचं काम पिवळ्या बल्बखाली कर.

आणि चेहऱ्यावर शील्ड घालच. मी एकदा दोन मिनिटांचं काम म्हणून तशीच वाकले होते. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग झाली आणि सकाळपर्यंत पापण्या उघडेनात.

वेळ उरला तर साध्या स्ट्रेनला सौम्य यूव्ही देऊन तासाभरानं ब्रॉथचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली घे. नेहमीच्या आखूड कांड्यांऐवजी शेवयांसारखे लांब धागे दिसतील. ते सुल-एचं काम. शेजारच्या स्लाइडवर डीएच-5-अल्फाचा थेंब ठेव, आणि दोन्हींचे फोटो इथे टाक.