आधारवर वय कमी म्हणून सत्तरीचं कार्ड अडलंय? तारीख बदलायच्या आधी थांबा

तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरला आईंना बहात्तरावं चालू आहे, आधारवर मात्र अडुसष्टच दिसतं, त्यामुळे आयुष्मानचं, म्हणजे सरकारी मोफत उपचारांच्या योजनेचं, सत्तरीपुढच्यांसाठीचं 'वय वंदना' कार्ड होत नाही. आणि उद्याच जो कागद हाताशी आहे तो लावून तारीख बदलून टाकणार आहात. हे वाचलं आणि राहवेना. उद्या जाऊ नका. एवढं ऐका.

कार्ड कसं काढतात, अॅपवर कुठे काय दाबायचं, ते सगळीकडे आहे, सोडून देतो. मी काय माती खाल्ली ते सांगतो.

आमच्या बाबांचा जन्म ९ मार्च १९५३, देवासचा. आधार काढलं तेव्हा कागद काहीच नेला नव्हता, तिथल्या पोराने अंदाजाने १ जानेवारी १९५४ टाकलं. चाललं. पुढे २०१९ मध्ये पॅन-आधार जोडायची घाई झाली. पॅनवर ९ मार्च १९५६, कारण एजंटाने तीनचा सहा वाचला होता. जुळेना. पॅन दुरुस्त करणं मला किचकट वाटलं, म्हणून मी आधारचीच तारीख पॅनसारखी करून घेतली. काम पटकन झालं, येताना पोहे-जलेबी खाऊन आलो, खूश होतो.

आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती एक संधी मी एक चूक दुसऱ्या चुकीशी जुळवण्यात घालवली.

२९ ऑक्टोबर २०२४ ला योजना सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस, जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून. बाबा खरे ७१ चे. ती अंदाजाची तारीख तशीच राहू दिली असती तरी ७० भरत होते. चिरंजीवांच्या कृपेने कागदावर ६८.

तारीख दुसऱ्यांदा बदलायला गेलो तर आधार केंद्रावर अर्ज पुढे जाईना. वरच्यांनी सांगितलं, जन्माचा दाखला आणा. एकाहत्तर वर्षांपूर्वीचा जन्म, नोंदलेलाच नव्हता. आणि वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय होत नाही. त्यासाठी एका कार्यालयात (नाव घेत नाही) सहा खेपा झाल्या. पुरावा म्हणून लावलेल्या शाळेच्या स्कॉलर रजिस्टरमध्ये (मुलांची नावं-जन्मतारखा असतात ते) बाबांच्या नावाला 'राव' नाही, आधारवर आहे. आता आपल्यात राव हा नावाचा भाग कधी आणि मान कधी, हे त्या बाबूला कुठून कळायचं? म्हणे, "ये तो दो अलग आदमी हैं." बाबा समोर, खिडकीचा कठडा धरून उभे. बसायला बाक होता, त्यावर फायली होत्या. मग शपथपत्र. मग तेच शपथपत्र पुन्हा, कारण पहिल्यावर शिक्का फोटोला लागला नव्हता.

या धावपळीत, जानेवारी २०२५ मध्ये, बाबांना स्टेंट टाकावा लागला. हॉस्पिटल योजनेत होतं. तिथल्या आयुष्मान मित्राने (योजनेच्या मदत खिडकीवरचा माणूस) बिचाऱ्याने आधार नंबर दोनदा घालून पाहिला. १ लाख ८० हजार भरले, एफडी मोडून. तारीख दुरुस्त झाली एप्रिलमध्ये. भरलेले पैसे परत मिळतील या आशेवर मी आणखी महिनाभर फिरलो, मिळाले नाहीत. योजना कॅशलेस आहे, मंजुरी तिथे भरती असतानाच लागते.

म्हणून माझं मत (वकील नाही, नियमही बदलत असतात, आयुष्मानच्या हेल्पलाइनला, १४५५५ वर, विचारून घ्या): आधी आधारच्या साइटवर अपडेटची हिस्ट्री बघा, तारीख कधी बदलली गेली आहे का ते कळेल. नसेल तर सगळा जीव चांगल्या कागदात घाला. पासपोर्ट, मॅट्रिकची मार्कशीट, पेन्शनची ऑर्डर, यातलं काही निघतंय का बघा. पॅनशी जुळवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, पॅन नंतर दुरुस्त होतं. आणि ऑपरेटरने भरलेलं त्याच्या स्क्रीनवर स्वतः वाचा. तो वैतागेल, वैतागू द्या.

घरात वडीलही सत्तरीचे असतील तर ते ५ लाख दोघांत मिळून आहेत. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी चालतो.

आणि हे कार्ड भरती होण्यासाठी आहे, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना नाही. त्यासाठी इंदूरला आम्ही वॉर्डातल्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये जातो. मी आधी नाक मुरडायचो, आता शब्द मागे घेतो. आमच्या त्या सगळ्या तमाशाच्या दिवसांत तिथल्या सिस्टरने बाबांना वय विचारलं, बाबा म्हणाले एकाहत्तर, तिने लिहून घेतलं. बास.

आईंची शाळा ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातली असेल आणि अजून चालू असेल तर रजिस्टर बघायला स्वतः जा, आईंनाही न्या, आणि त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल मागा. देवासला मास्तरांनी कपाटातून कापडात गुंडाळलेलं रजिस्टर काढलं. बाबांच्या नावासमोर आजोबांची मोडीतली सही होती. बाबा त्या सहीवरच अडकले, तारखेकडे त्यांचं लक्षही नव्हतं. फोटो मलाच काढावा लागला, त्यांचं बोट बाजूला करून.