सांगलीत राहतो, घरगुती व्हिडिओसाठी छोटा कॅमकॉर्डर घ्यायचाय. जास्त झूमचा घ्यावा की फोर-केचा?

झूमचा घ्या, पण ऑप्टिकल झूम (म्हणजे भिंगाचा) आणि ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) दोन्ही असलेला. घरच्या वापराला फुल एचडी पुरेसं आहे. मी इथे लग्न-मुंजीचं शूटिंग करतो, त्यावरून सांगतो. डिजिटल झूम चित्राचा मधला भाग कापून नुसता मोठा करतो, तपशील वाढत नाही. तासगावचा रथ गर्दीमागून टिपायचा किंवा स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून पोरांना पकडायचं, तर भिंगाचाच झूम हवा. झूम वाढला की हाताची थरथरही तितकीच दिसते, म्हणून स्टॅबिलायझेशन. बाहेरचा माइक लावायची सोय असेल तर फारच उत्तम. कृष्णेच्या घाटावर वारा सुटला की आतला माइक नुसता घोंघावतो. २५ एमबीपीएसने (सेकंदाला २५ मेगाबिट) रेकॉर्डिंग केलं तर तासाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात पाच तास सहज बसतात. जुना मिनी-डीव्ही टेपवाला स्वस्तात मिळाला तरी नको, टेप उतरवायला बहुधा फायरवायर नावाचं जुनं पोर्ट लागतं आणि ते आजच्या लॅपटॉपला नसतं. मात्र छोट्या कॅमकॉर्डरचा सेन्सर बारीक असतो, घरातल्या मंद दिव्यात चित्र दाणेदार येतं. बहुतेक शूटिंग रात्रीचं, घरातलंच असेल तर चांगल्या फोनवर भागवा.