शिक्का हातात असताना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी तिन्ही टिपणे मिळाली. ‘पेपर्स, प्लीज’ आणि ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हे दोन व्हिडिओ गेम तू सुट्टीत खेळलीस, ‘कोर्ट’ हा चित्रपट पाहिलास आणि लगेच लिहायला बसलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. उत्तराला उशीर झाला, कारण टिपणे उघडण्यापूर्वी मी दोन्ही गेम भाच्याच्या संगणकावर शेवटापर्यंत खेळले आणि ‘कोर्ट’ पुन्हा एकदा पाहिला. जे आपण स्वतः हाताळलेले नाही, त्याविषयीच्या लेखनात दुरुस्त्या सुचवणे मला पटत नाही.

पहिल्या टिपणात तू आर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाची ओळख करून दिलीस, लुकास पोप यांचा हा गेम २०१३ साली आला हे सांगितलेस, चित्रे, संगीत आणि कथानक यांना वेगवेगळे गुण दिलेस आणि अखेरीस दहापैकी नऊ गुण देऊन थांबलीस. यातले काहीही चुकीचे नाही. परंतु त्या देशाच्या सीमेवरच्या चौकीत, येणाऱ्यांची कागदपत्रे तपासणारी अधिकारी म्हणून बसून तू काय केलेस, हे मला सबंध टिपणात कुठेच सापडले नाही. ही माहिती कोणीही देऊ शकले असते. तुझ्या हातात शिक्का असताना तो प्रवेश देणारा हिरवा उमटला की नाकारणारा लाल, हे मात्र तुझ्याखेरीज कोणीही सांगू शकणार नाही.

माझ्यापुरते सांगते. पाचव्या दिवशी एक पुरुष खिडकीपाशी येतो. त्याची कागदपत्रे बिनचूक असतात. जाताना तो एवढेच विनवतो की रांगेत मागे माझी पत्नी आहे, तिच्याशी सहृदयतेने वागा. ती येते तेव्हा तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नसतो. या गेममध्ये बिनचूक तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट, म्हणजे तिथले चलन, मिळतात आणि संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि उष्णता यांचा खर्च भागवावा लागतो. तो न भागल्यास घरची माणसे आजारी पडतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुका नुसत्या इशाऱ्यावर सुटतात, तिसरीपासून दंड बसतो. मी त्या स्त्रीला आत जाऊ दिले आणि क्षणभर मला स्वतःविषयी बरे वाटले. मग लक्षात आले की शिक्का उचलण्यापूर्वी मी त्या दिवशीचे इशारे मोजले होते. एकच इशारा मिळालेला होता, म्हणून दया परवडली. तिसऱ्या चुकीची वेळ असती तर मी काय केले असते, हे त्या रात्री मला बराच वेळ टोचत राहिले. खिडकीतून दिसणारी माणसे आणि घरच्यांची भूक एकाच हिशेबात मांडून हा गेम आपल्याला आपलीच ओळख करून देतो. एखादा कारकून कठोर का होतो, यावर मी पुष्कळ वाचले आहे. परंतु कठोर होण्याची सोय किती साधी असते, हे मला प्रथम बोटांनी कळले.

म्हणून खेळून उठल्यावर त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवत जा, आणि त्यात मताआधी कृती लिही: काय केले, कधी घाई केली, कुठे चुकले, काय लपवावेसे वाटले. मी पूर्वी परीक्षणे आठवणीवर विसंबून लिहीत असे आणि एकदा एका पात्राचे वाक्य दुसऱ्याच्याच तोंडी छापून गेले. तेव्हापासून वही जवळ ठेवते.

‘ओब्रा डिन’विषयीचे तुझे टिपण अधिक चांगले आहे, मात्र त्यात तू एक गोष्ट वाचकाकडून हिरावून घेतली आहेस. हा गेमही पोप यांचाच, २०१८ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीचे एक हरवलेले जहाज १८०७ मध्ये परत येते, त्यावर जिवंत कोणी नसते, आणि कंपनीच्या वतीने विमा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला साठ माणसांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले हे नोंदवहीत भरायचे असते. खिशातल्या जादुई घड्याळाने मृत्यूचा एक गोठलेला क्षण दिसतो, त्याआधीचे थोडे बोलणे ऐकू येते, आणि बाकी सारे आपल्या नजरेवर सोडलेले असते. तू तीन खलाशांचा शेवट कसा झाला ते सांगून टाकलेस. या गेमचा सगळा आनंद शोधण्यात असल्यामुळे तिथे उत्तर सांगणे हा वाचकावर अन्याय आहे. उलट सीमेवरच्या त्या दांपत्याची हकिगत सांगितल्याने काहीच बिघडत नाही, कारण तिथे रहस्य नसून निर्णय आहे. काय सांगावे आणि काय राखून ठेवावे, याचा सरसकट नियम मी तुला देऊ शकत नाही. कलाकृतीची ताकद कशात आहे हे पाहूनच दर वेळी ते ठरवावे लागते.

उत्तर न सांगता तुला पुष्कळ लिहिता आले असते. निजण्याच्या झोळ्यांवरचे क्रमांक, पायांतले जोडे, बोलण्याची धाटणी, कोण कोणाच्या शेजारी उभा राहतो, अशा खुणांवरून माणसे ओळखावी लागतात. त्या यादीत हिंदुस्थानी खलाशीही आहेत, आणि त्यांची नावे लावताना मी सुरुवातीला चेहऱ्यावरून अंदाज बांधला, याची मला खंत वाटली. कारण गेम तीन नोंदी बरोबर आल्यावरच त्या पक्क्या करतो आणि माझा उतावळेपणा तिथे उघडा पडला. तुझ्याही अंदाजांत असे काही घडले असेल. ते लिही.

आता ‘कोर्ट’. २०१४ मधला चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट तुला संथ वाटला, आणि तू त्या एका शब्दावर थांबलीस. ‘संथ’ हा निष्कर्ष आहे. त्याच्याआधी कोणत्या दृश्यात तू अस्वस्थ होऊन हलू लागलीस, ते मला हवे आहे. एका सफाई कामगाराचा गटारात मृत्यू होतो आणि लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो. मुंबईतल्या न्यायालयात तारखा पडत राहतात. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो आणि आपल्याला पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. सरकारी वकील असलेल्या बाई काम संपवून लोकलने घरी जातात, मुलाला सोबत घेतात, स्वयंपाक करतात. त्या दुष्ट नाहीत, हेच तर मला असह्य झाले. दोन आठवड्यांपूर्वी मीच त्या चौकीत बसून इशारे मोजत होते, त्यामुळे या वेळी त्या मला पूर्वीपेक्षा फार जवळच्या वाटल्या. फरक एवढाच, की गेममध्ये शिक्का माझ्या हाती होता आणि इथे मृताच्या विधवेची साक्ष चालू असताना मला हाताची घडी घालून बसावे लागले. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर अंधार राहतो, तेव्हा मला आवाज द्यावासा वाटला. चित्रपट आपले हात बांधून ठेवतो, आणि या चित्रपटाला नेमके तेच हवे आहे.

तिन्ही टिपणे एकत्र करून एकच लेख लिही, असे मी सुचवते. तिन्हींत टेबल आहे, कागद आहेत आणि कागदापलीकडे माणूस आहे. हा धागा तुझ्या हाती आपोआप आला होता, तू तो गुणांच्या तक्त्यात हरवलास. गुण काढून टाक. देशाची ओळख दोन वाक्यांत आटोपती घे. सुरुवात मात्र त्या खिडकीपासून कर, कारण परवाना नसलेली ती स्त्री तुझ्याही समोर उभी राहिली असणार आणि तू तिला काय उत्तर दिलेस, हे मला अजून ठाऊक नाही.

तुझ्या,
बाई